मोटारीचा मूळ रंग

भिलाई हे नाव उच्चारले की ऐकणाऱ्याच्या मनात लोखंड येते, आणि ते साहजिकच आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आणि दुर्ग शहराच्या शेजारी, जिथे पूर्वी धानाची शेते होती तिथे, सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखले जाणारे एक नवे नगर वसले. रेल्वेचे रूळ, जाड पत्रे, सळ्या यांसाठी हे नगर देशभर प्रसिद्ध आहे. मोटारीच्या अंगाला लागणारा पातळ पत्रा मात्र येथे होत नाही. असे असूनही आज मला बोलावयाचे आहे ते एका मोटारीविषयी, आणि तेही तिच्या लोखंडाविषयी नव्हे, तर त्या लोखंडावर चढणाऱ्या रंगाविषयी. अस्तर, लांबी आणि रंग यांचे सारे हात मिळून त्याची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. एवढ्याशा जाडीसाठी आमच्या घरात चार महिने वाद चालला होता.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, १९५८ साली नागपूरहून या कारखान्यात नोकरीस आले. त्या काळी मोटार म्हणजे नाव नोंदवून वाट पाहण्याची वस्तू होती. अण्णांनी नाव नोंदविले आणि काही वर्षांनी, १९६६ साली, त्यांचा क्रमांक लागला. गाडी होती फियाट डिलाईट. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून तयार होऊ लागली होती. पुढे याच गाडीला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने मुंबईचे रस्ते इतकी वर्षे भरून टाकले की ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बंद झाली तेव्हा, जे कधी टॅक्सीत बसले नसतील त्यांनाही हळहळ वाटली. अण्णा आणि आई नागपूरला गेले, गाडी ताब्यात घेतली, आणि भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगाव, दुर्ग असा प्रवास करून संध्याकाळी भिलाईस पोहोचले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो आणि त्या प्रवासात आईच्या मांडीवर झोपलो होतो, असे सांगतात. रंग निवडण्याची सोय नव्हती. जी आली ती घेतली.

अण्णा १९९८ साली गेले. गाडी नेहरूनगरच्या घराच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली राहिली. मी याच कारखान्यात नोकरी केली, निवृत्त झालो, आणि निवृत्त माणसाला जे सुचते ते मला सुचले: गाडी पुन्हा पूर्वीसारखी करावी. इंजिनाचे काम झाले. ब्रेकचे झाले. पूर्वीसारखा रंग म्हणजे कोणता, हा प्रश्न आला तेव्हा मात्र काम थांबले. गाडीचा वरचा रंग पांढरा होता. तो १९९० चा. त्याच्याखाली मरून होता, तो बहिणीच्या लग्नाच्या वेळचा. त्याखालचा मलईचा रंग मला नीट आठवत होता, कारण माझे सारे शालेय जीवन त्या मलईच्या रंगात बसून गेले. माझ्या लेखी गाडीचा मूळ रंग तोच. आई म्हणाली, “छे. गाडी निळी होती. आकाशासारखी. नागपूरहून आणताना मी नेसले होते त्या पातळाचा आणि तिचा रंग एकच होता.” ते पातळ कुठे आहे असे विचारताच ती म्हणाली, “त्याची दोन पातेली आली.” म्हणजे पुरावा बोहारणीच्या टोपलीत गेलेला. त्या दिवशीचा एक फोटो आहे. गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून अण्णा उभे आहेत. पण तो कृष्णधवल असल्यामुळे त्यातली गाडी राखाडी, पातळ राखाडी आणि अण्णाही राखाडीच आहेत.

मोटारीच्या रंगाची कहाणी थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट नीट कळणार नाही. पहिल्या मोटारी या घोड्यांवाचूनच्या घोडागाड्याच होत्या, आणि त्यांना रंगही घोडागाडीच्या रीतीनेच दिला जाई. तेलात खललेले रंगद्रव्य ब्रशाने लावावयाचे, वाळू द्यावयाचे, घासावयाचे, पुन्हा लावावयाचे, आणि शेवटी रोगणाचे हात द्यावयाचे. एका गाडीला काही आठवडे लागत. गाड्या हजारांनी बनू लागल्या तेव्हा त्या वाळत ठेवण्यास जागा पुरेना. फोर्डची सुप्रसिद्ध टी मॉडेल गाडी १९१४ ते १९२५ पर्यंत केवळ काळ्या रंगात मिळत असे ती याच घाईच्या युगात. मग १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीचे नायट्रोसेल्युलोजचे रोगण आले. कापसापासून निघणारा हा पदार्थ द्रावकात विरघळवून फवारला की द्रावक उडून जातो आणि काही तासांत रंग वाळतो. १९२४ च्या ओकलंड गाड्या या रंगात निळ्या होऊन बाहेर पडल्या आणि मोटारींच्या दुनियेत रंगांची पंचमी सुरू झाली. त्या रोगणाचे व्यापारी नाव ‘ड्यूको’. आपल्याकडे ते नाव असे रुळले की लोखंडी कपाटाला फवाऱ्याने दिलेल्या रंगालाही लोक ड्यूकोच म्हणू लागले. पुढे तेल आणि राळ यांच्या रासायनिक संयोगातून झालेली सिंथेटिक एनॅमल आली. ती सावकाश वाळतात, पण घासल्यावाचून चकाकतात. आणि अलीकडे दोन डब्यांतून येणारे पॉलियुरेथेन आले, जे एकत्र केल्यावर आपोआप कठीण होते आणि काचेसारखे दिसते. प्रत्येक रोगणाचे म्हातारपण निराळे असते. ही गोष्ट लक्षात ठेवावी; तिचे काम पुढे पडणार आहे.

जुनी गाडी पुन्हा रंगवावी की नाही, यावर जाणकारांत मतभेद आहेत. एक पक्ष म्हणतो, कारखान्यातून आलेला रंग जेवढा उरला असेल तेवढा राखावा, मग तो फिका, तडकलेला का असेना. कारण गाडी पुन्हा रंगविता येते, पण मूळ रंग एकदाच मिळतो. दुसरा पक्ष म्हणतो, गाडी नवी होती तशी दिसली पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी नियम केले, त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. चासी, बॉडी आणि इंजीन यांत मोठा फेरफार झालेला नसावा अशी त्यांची अपेक्षा आहे. रंग मात्र मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोडलेला दिसतो. माझी सदसद्विवेकबुद्धी त्या बाबतीत फारशी जड नव्हती, कारण आमच्या गाडीच्या बाहेरच्या अंगावर मूळ रंग असा उरलाच नव्हता. तीन वेळा घासून तीन वेळा रंगविलेल्या पत्र्यावर राखायचे तरी काय?

आमचे मिस्त्री पॉवर हाऊसच्या बाजूला एका छोट्या शेडमध्ये काम करतात. वय साठीचे, मूळचे दुर्ग जिल्ह्यातल्या खेड्यातले, पोरवयात एका गॅरेजमध्ये वॉटर पेपर भिजवून देण्याच्या कामापासून शिकत आलेले. त्यांची हिंदी छत्तीसगढीत बुडवून काढलेली असते. मी तिचे मराठी करून सांगतो. त्यांनी प्रथम गाडीभोवती एक फेरी मारली आणि बोनेटवर तळहात फिरविला. हाताला बारीक खरखर लागत होती. “हे कारखान्याचे,” ते म्हणाले. पोलादाच्या गावात लोखंडाचे अतिसूक्ष्म कण हवेत असतात. ते गाडीच्या रंगावर बसतात, दव आणि पाऊस यांनी गंजतात आणि रंगात रुतून तपकिरी ठिपके पाडतात. धुऊन ते जात नाहीत. अशा पत्र्यावर तसाच नवा रंग दिला तर वर्षा-दोन वर्षांत आतला गंज फोड होऊन वर येतो. तेव्हा सारे खाली उतरविणे भाग होते. मिस्त्रींनी मागच्या मडगार्डावर रुपयाएवढी जागा ओल्या वॉटर पेपरने गोल घासली, मधे जास्त आणि कडेला कमी. पाहता पाहता तिथे झाडाच्या बुंध्यात दिसतात तशी वर्तुळे उमटली: पांढरे, मरून, मलई, राखाडी अस्तर, आणि अगदी मध्यभागी करडे लोखंड. निळा नाही. मलईवाल्याने, म्हणजे अण्णांच्या पहिल्या रंगाऱ्याने, आपले काम चोख केले होते. मूळ रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढला होता.

मी विजयी मुद्रेने आईकडे पाहणार, इतक्यात मिस्त्री म्हणाले, “रंगारी दार उघडतो, पण दाराचा पुठ्ठा काढत नाही.” त्यांनी डाव्या दाराची आतली हँडले काढली, पुठ्ठा उचकटला, आणि आतल्या पत्र्यावर बॅटरीचा उजेड टाकला. तिथे धूळ होती, कोळ्यांची जाळी होती, आणि सुमारे साठ वर्षे उजेड न पाहिलेला, कोणीही हात न लावलेला कारखान्याचा रंग होता. तो मलईचा नव्हता. निळाही नव्हता. शेवाळलेल्या टाक्याच्या पाण्यासारखा, हिरवट. आईने तो पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला, आणि म्हणाली, “हा नाही.” मला तिची कणव आली. मनात म्हटले, आठवण किती सहज दगा देते! श्रोत्यांना कबूल करावयास हरकत नाही की मी माझ्या स्वतःच्या मलईच्या आठवणीने मला नुकताच दिलेला दगा त्या क्षणी सोयीस्करपणे विसरलो होतो.

मी अभियंता. कारखान्यात रंग मागवायचा तर क्रमांक द्यावा लागतो. भारतीय मानकांतील पाचव्या मानकात रंगांना क्रमांक आहेत. ५३७ म्हटले की सिग्नलचा लाल, ५३८ म्हटले की टपाल खात्याचा लाल, आणि दोहोंत गल्लत झाली तर माल परत जातो. या गाडीच्या रंगाला माझ्यापाशी क्रमांक नव्हता, म्हणून मी यंत्राचा आश्रय घेतला. रायपूरला एका रंगाच्या दुकानात स्पेक्ट्रोफोटोमीटर आहे. हे यंत्र नमुन्यावर प्रकाश टाकते, निरनिराळ्या तरंगलांबींचा प्रकाश किती परत येतो ते मोजते, आणि कोणती रंगद्रव्ये किती ग्रॅम घेतली असता तसाच रंग होईल याचे गणित सांगते. दार घेऊन मी रायपूर गाठले. डबा तयार झाला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो रंग आणि दाराचा रंग यांत केसाइतका फरक दिसेना. मी समाधानाने घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पाहतो तो दोन्ही रंग एकमेकांशी भांडण झाल्यासारखे वेगळे.

यात नवल काही नाही, हे मला आईने सांगितले. पातळावर ब्लाउजपीस घ्यायचे असले की बायका दुकानदाराला ठाण दुकानाच्या दाराशी, उजेडात आणायला लावतात, ते काही उगीच नव्हे. दोन कापडे एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात जुळत नाहीत, हे मॅचिंग सेंटरमध्ये उभी राहिलेली प्रत्येक गृहिणी जाणते. शास्त्रात याला मेटॅमेरिझम म्हणतात. कारण असे की आपला डोळा प्रकाशातील प्रत्येक तरंग वेगळा मोजीत नाही. तीन प्रकारच्या पेशींवर पडलेली बेरीज तेवढी तो पाहतो. दहा ही संख्या सात आणि तिनांनी होते, तशी सहा आणि चारांनीही होते. जुन्या रंगातील द्रव्ये एक, नव्या डब्यातील दुसरी. ट्यूबलाइटमध्ये बेरीज जुळली, उन्हात उजेड बदलताच फुटली. चांगले यंत्र अनेक उजेडांचा हिशेब करून ही तफावत कमी करते, हे यंत्राच्या बाजूने सांगितले पाहिजे. दुकानदाराने ते कष्ट घेतले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते. पण मिस्त्रींचा आक्षेप त्याहून मूलगामी होता. डबा पाहून ते म्हणाले, “साहेब, यंत्राने रंग नाही बनवला, म्हातारपण बनवलं.”

त्यांचे म्हणणे मला समजले तेव्हा मी खजील झालो. तेलाचा अंश असलेले रोगण अंधारात पिवळे पडते. जुन्या तैलचित्रांची, बंद कपाटाच्या आतल्या पांढऱ्या रंगाची हीच गत होते. गंमत अशी की नायट्रोसेल्युलोजचे उलटे असते. ते उजेडाने पिवळे पडते. आमच्या दाराच्या आतला रंग पहिल्या जातीचा असावा असा मिस्त्रींचा कयास होता. पुठ्ठ्यामागच्या अंधारात साठ वर्षे त्याच्यावर पिवळेपणा चढत गेला, आणि निळ्यावर पिवळे चढले की काय होते हे शाळेतल्या रंगपेटीवाल्या मुलासही ठाऊक असते. “अंधाराने चढवलंय, ऊन उतरवील,” असे म्हणून त्यांनी दार आमच्या अंगणात दक्षिणेकडे तोंड करून उभे केले आणि त्याच्या अर्ध्या भागावर काळे कापड बांधले. फेब्रुवारी महिना होता. छत्तीसगढचे ऊन अजून चटकत नव्हते, पण स्वच्छ होते. पहिल्या आठवड्यात मला काही दिसले नाही. रोज पाहणाऱ्याला दिसत नाहीच. पंधरा दिवसांनी त्यांनी कापड सोडले. झाकलेला भाग शेवाळी होता तसाच होता. उघड्या भागातून, पाटीवर ओला फडका फिरवावा तसे, हिरवेपण निघून गेले होते, आणि तिथे निळा रंग उभा होता. थोडा मळकट, थोडा थकलेला; पण निळा.

आईला बोलाविले. ती दाराजवळ स्टुलावर बसली, आणि येथे एक नवाच पेच उभा राहिला. जानेवारीत तिच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती. डावा डोळा व्हायचा होता. माणसाच्या डोळ्यातले भिंग वयाबरोबर पिवळे होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. हा बदल इतका हळू होतो की मनुष्याला त्याचा पत्ता लागत नाही. नवे कृत्रिम भिंग बसले की निळे एकदम निळे दिसू लागते. आईच्या एका डोळ्यात आता नवे भिंग होते आणि दुसऱ्यात चौऱ्याऐंशी वर्षांचे. तिने उजवा डोळा झाकला आणि म्हणाली, “हा नाही.” डावा झाकला आणि म्हणाली, “हा जवळजवळ आहे.” मी पुन्हा विचारले तेव्हा किंचित चिडून म्हणाली, “अरे, मी तरी काय करू? या डोळ्याने गाडी नागपूरची आहे आणि त्या डोळ्याने गॅरेजमधली.” रंगमापनाच्या शास्त्रात १९३१ सालापासून एक ‘प्रमाण निरीक्षक’ मानला जातो, कित्येक माणसांच्या डोळ्यांची सरासरी काढून तो बनविलेला आहे, आणि रायपूरचे यंत्र त्याच्याच डोळ्यांनी पाहते. त्याचे दोन्ही डोळे सारखे असतात. तो कधी नागपूरला गेलेला नाही.

मग मिश्रणाचे काम सुरू झाले, आणि ते मी दोन दिवस शेजारी बसून पाहिले. पायाला टायटॅनियमचे पांढरे. त्यात निळे घालावयाचे, पण निळ्याच्या दोन जाती असतात: एक हिरव्याकडे कलणारी, दुसरी जांभळ्याकडे, आपण कपड्यांना घालतो ती नीळ या दुसऱ्या जातीची. प्रथम कोणती घेतली यावर सारे अवलंबून असते. ते चुकले तर पुढे कितीही थेंब घातले तरी रंग वाटेवर येत नाही. मग काळे, काडीच्या टोकावर राहील एवढेच. काळे हे फसवे द्रव्य आहे. पांढऱ्यात ते निळसर होते, पिवळ्यात हिरवट. नुसते काळे म्हणून ते कुठेच राहत नाही. ओला रंग वाळल्यावर बदलतो, म्हणून डब्यात पाहून मत देणे व्यर्थ. प्रत्येक वेळी पत्र्याच्या तुकड्यावर फवारून, वाळवून, मग दारापाशी धरावयाचे. तेही सकाळी, सावलीत, आणि पहिल्या नजरेत. मिस्त्री दोन क्षण पाहून मान फिरवीत आणि भिंतीकडे बघत बसत. फार वेळ पाहिले की डोळा जुळवून घेतो आणि खोटे बोलू लागतो, असे ते म्हणत. दुसऱ्या दिवशी मी तांबडा सदरा घालून गेलो तर त्यांनी मला उठवून लांब बसविले. सदऱ्याची झाक चकचकीत पत्र्यावर पडत होती.

अखेर दोन तुकडे उरले. दोहोंत फरक म्हणाल तर एका काडीभर पिवळ्याचा. पहिल्यात ते होते, आणि तो तुकडा उन्हात उजळलेल्या दाराशी तंतोतंत जुळत होता. दुसऱ्यात ते नव्हते. मी पहिल्याच्या बाजूचा. नमुना समोर असताना कल्पनेच्या मागे कशाला जायचे? मिस्त्रींचे मत असे की उन्हाने पिवळेपणा बहुतेक उतरतो, पण सगळा नाही. उरलेले पिवळे कुर्ल्याच्या कारखान्याने घातलेले की साठ वर्षांनी, हे दार सांगू शकत नाही. यंत्रही सांगू शकत नाही. त्यांनी दोन्ही तुकडे आईच्या हाती दिले आणि विचारले, “दाई, तेव्हा तुमचे डोळे कसे होते?” छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. “तेव्हा पंचवीस वर्षांची होते मी,” आई म्हणाली, “चांगलेच होते की.” तिने डावा डोळा झाकून दुसरा तुकडा उचलला. माझ्या साऱ्या शिक्षणाला त्यावर देता येण्यासारखे उत्तर नव्हते. पिवळा थेंब वगळला.

रोगण कोणते वापरावे यावर मात्र मी हट्ट धरला. पॉलियुरेथेन टिकाऊ खरे, आणि हल्ली बहुतेक गाड्यांना तेच देतात. पण त्याच्या कठीणकारकात आयसोसायनेट असते. त्याची फवार श्वासात गेली तर दमा जडू शकतो, आणि एकदा जडला की पुढे थोड्याशा संपर्कानेही उसळतो. ज्या देशांत कायदा कडक आहे तिथे रंगारी बाहेरून नळीने आणलेली हवा घेत तो फवारतो. आमचे मिस्त्री नाकावर रुमाल बांधून फवारतात. जिथे पावलोपावली सुरक्षेचे फलक लावलेले असतात अशा आवारात मी नोकरीची सारी वर्षे काढली. शेडमध्ये त्यांचा खोकला ऐकताना ते फलक मला आठवत होते. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला स्वतःची गाडी रंगवायची पाळी यावी, याची लाज वाटते. जुने थर घासताना तोच प्रश्न होता, कारण जुन्या पिवळ्या आणि मलईच्या रंगांत शिशाचे क्षार असण्याचा संभव असतो. म्हणून ते कोरडे घासू दिले नाहीत, सारे पाण्यात केले. अखेर जुन्या पद्धतीचे एनॅमल ठरले, आणि कोळशाच्या गाळण्या असलेला मुखवटा मी आणून दिला. द्रावकाच्या वाफांना तो पुरतो. पहिल्या दिवशी त्यांनी तो कपाळावर चढवून ठेवला. दुसऱ्या दिवशी आईने शेडमध्ये जाऊन तो खाली ओढला.

भिलाईत रंगाचे दिवस दसऱ्यापासून होळीपर्यंत. पावसाळ्यात हवेतला ओलावा रंगाचा घात करतो: द्रावक उडताना पत्रा गार होतो, त्यावर दव धरते आणि रंगावर पांढुरके धुके येते. मे महिन्यात उलट. पारा पंचेचाळिसाला टेकला की फवारलेला थेंब पत्र्यावर पोहोचण्यापूर्वीच अर्धा वाळतो आणि अंग संत्र्याच्या सालीसारखे होते. आम्ही मार्चच्या पहिल्या आठवड्यातली पहाट धरली. शेडची जमीन पाणी मारून ओली केली, म्हणजे धूळ उठू नये. एनॅमल वाळायला वेळ घेते आणि तेवढ्या वेळात गावातली प्रत्येक माशी त्याची परीक्षा घ्यायला येते. एक उजव्या दारावर बसलीच. मिस्त्रींनी ती चिमट्याने उचलली, पण तिच्या सहा पायांचा ठसा तिथे आहे. मी तो घासू दिला नाही. तिसरा हात पडला तेव्हा सूर्य नुकताच शेडच्या दारात आला होता. त्या उजेडात ती गाडी माझ्या ओळखीची राहिली नव्हती.

आठ दिवसांनी आई गाडीत बसली. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिने सगळीकडे पाहिले, दाराच्या कडेवरून बोट फिरविले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गाडीची गादी ही नव्हती.” तो विषय आता चालू आहे.

डाव्या दाराच्या आतल्या बाजूस तळहाताएवढी जागा मिस्त्रींनी कागद चिकटवून रंगाविना ठेवली. उन्हाने उजळलेला कारखान्याचा रंग तेवढाच काय तो शिल्लक आहे. त्यावर पुठ्ठा पुन्हा बसविला आहे, हँडले घट्ट केली आहेत. आत अंधार आहे. तेव्हा आज आपण बोलत आहोत या वेळी ती जागा पुन्हा हळूहळू हिरवी होऊ लागली असेल.